बत्तीस ग्रॅम

(कराडजवळचं एक गाव. हवालदार जालिंदर यांच्या घराची मागची पडवी. त्यांना जाऊन नऊ दिवस झालेत. मुलगी माया सांगलीहून आली आहे. धाकटा प्रशांत इथेच राहतो. जालिंदरांची थोरली बहीण पारूबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली आहे.)

प्रशांत: तो बाण ठेव ताई. पेटीतला कुठलाबी घे, तो नको.

माया: आढ्याला कुणी खोचला हा? बाकीचे दहा पेटीत आणि हा एकटा वर, बांबूच्या मोळीमागे.

प्रशांत: राहिला असंल.

माया: आबांच्या हातून? फौजेतून आल्यावरही जो माणूस चपला एका रेषेत काढायचा, त्याच्या हातून बाण आढ्याला राहतो? हे बघ, चिठ्ठीही आहे. 'बत्तीस ग्रॅम. बरोबर.' खाली रेघ मारलीय. पेटीतल्या दहांवर चिठ्ठ्या आहेत, पण 'बरोबर' एकावरही नाही. उद्या हाच सोडायचा.

पारूबाई: भंतेजी कवा येनार हायती?

प्रशांत: अकराला.

पारूबाई: मग आदी वंदना, मग जेवान. बाण-बिण समदं मागनं.

माया: मागूनच, आत्या. जेवणं झाली की सगळे नदीच्या वाळूत जाऊ. अर्जुना येतोय, लालासाहेब येतोय. आबांनी शिकवलेले जेवढे जवळपास आहेत तेवढे येतील. आबांच्या धनुष्यातून एकच बाण. मी सोडणार आहे.

प्रशांत: तू?

माया: का? तू चड्डीत होतास तेव्हापासून सोडतेय मी.

प्रशांत: तसं नाही म्हणालो. सोड की. पण बांबूचा सोड. आबांनी जन्मभर बांबूचेच सोडले.

माया: म्हणूनच हा. हे मी आणलेत. आमच्या वाचनालयातल्या बाईंच्या मुलाने स्पर्धा सोडल्या, तेव्हा त्याचे बाराच्या बारा मागून घेतले आणि फेब्रुवारीत घेऊन आले. कार्बनचे, आतून पोकळ, सरळसोट. आबा डोळ्याला लावून बघतच बसले होते. नंतर दर रविवारी फोनवर विचारायचे मी, 'आबा, बाण कसे आहेत?' म्हणायचे, 'वाऱ्यासारखं जात्यात गं.'

पारूबाई: वाऱ्यासारखं न्हाई, वाऱ्यासंगं जायाचं ते.

माया: म्हणजे?

पारूबाई: हलकं हुतं गं लय. गवताच्या काडीवानी. पयल्या दिशी एक सोडला, तर धनुष्य असं किचाळलं की माज्या हातची परात पडली.

माया: हे मला कुणी बोललं नाही.

प्रशांत: काय बोलायचं? आबांचं धनुष्य पन्नास पौंडाच्या ओढीचं. बाण हलका असला की ताकद बाणात जात नाही, धनुष्यातच राहते. दोन-चारदा तसं झालं की बांबू चिरतो. आबांचा बांबूचा बाण बत्तीस ग्रॅम भरायचा, तुझा एकवीस. मधले अकरा ग्रॅम कुठनं आणायचे, तेच आठ महिने चाललं होतं हितं.

माया: मग ह्या चिठ्ठ्या…

प्रशांत: वाच की. तारखेनं लाव आणि वाच.

माया: 'चौदा तीन नव्याण्णव. तांदूळ भरला. बाद.'

पारूबाई: बाद म्हंजी काय, उंदरानं शेपटाकडनं कुरतडला. म्या म्हनलं, जालिंदर, आता वाईच डाळबी भर, म्हंजी खिचडी हुईल.

माया: 'एक चार. नदीची वाळू, चाळून. खुळखुळते. बाद.'

प्रशांत: सोडला की वाळू सगळी मागं पळायची. वजन बाणाच्या नाकात पाहिजे. मागं गेलं की बाण निम्म्या वाटंत ढुंगण टेकतो.

पारूबाई: नीट बोल. बापाचा बाण हाय त्यो.

माया: 'नऊ पाच. मोटारीची तांब्याची तार. एकोणतीस. आत सैल पडते.' 'सायकलची तार. शेपूट जड. बाद.' 'पितळी स्क्रू, वरून मेण. एकतीस. उन्हात मेण सुटले.' …मे महिन्यात मी इथे आठ दिवस राहून गेले. ह्या पडवीत झोपाळ्यावर बसून पुस्तक वाचत होते.

प्रशांत: तू आलीस की पेटी माळ्यावर जायची.

माया: 'तंगूस, तीन पदर पिळून, पूर्ण लांबी. पुढे पितळ. बत्तीस. चालेल.'

पारूबाई: नदीवरच्या मासंवाल्याकडनं तुकडं मागून आनलं गळाच्या दोरीचं, तंगुसाचं. त्यो म्हनला, हवालदार, मासं बाणानं मारताय का गळानं, एक काय ते ठरवा.

माया: आणि ग्रॅममध्ये तोलायचे कुठे?

प्रशांत: पोस्टात. पत्राच्या काट्यावर. पोस्टमास्तर म्हणायचे, 'हवालदार, ह्याला तिकीट कुठं लावू? पत्ता तरी लिहा.'

माया: मग?

प्रशांत: आबा म्हणाले, 'सांगलीहून आलाय. पोचला कवाच.'

माया: …एका शब्दाने बोलले असते तर मी परत नेले असते रे. आठ महिने!

पारूबाई: लेकीनं आनल्यालं नको कसं म्हनंल? तू त्यो गुलाबी स्वेटर इणला हुतास, त्यो दोन हिवाळं घातला त्यानं. फौजी मानूस, मिशीवाला, आन् अंगात गुलाबी स्वेटर. लोकं इचारायची, तर म्हनायचा, रंग उडालाय, आदी तांबडा हुता.

माया: ह्यात काय भरलंय, प्रशांत?

प्रशांत: कशात?

माया: हातातल्या ह्या बाणात. सगळ्यांवर लिहिलंय काय भरलं ते. ह्यावर नाही.

प्रशांत: तंगूसच असंल.

माया: तंगूस असता तर असा लागला नसता. बोटावर तोल, नाक खाली जातंय. आणि हा लाल दोरा आबांनी बांधलेला नाही. ते टोक आत ओढून घ्यायचे. इथे गाठ वर आलीय.

प्रशांत: गाठीवरनं काय कळतंय?

माया: आणि हे सगळे मिळून अकरा होतात. मी बारा आणले होते.

प्रशांत: एक नदीत गेला.

पारूबाई: प्रशांत.

प्रशांत: आत्या, तू तांदूळ निवड.

पारूबाई: कवाच झालं निवडून. मगाधरनं निवडल्यालंच निवडतीया.

माया: आबांच्या हाताला काय लागलं होतं?

प्रशांत: खिळा. किती वेळा सांगू? कुंपणाचा खिळा.

माया: फोनवर पडवीच्या दाराचा म्हणाला होतास.

प्रशांत: दाराचा काय, कुंपणाचा काय. खिळा तो खिळा.

माया: बारा दिवस मी सांगलीच्या दवाखान्यात त्यांच्या उशाशी होते. तळहात उघडला त्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. म्हणाले, आत काळे तंतू आहेत, केसासारखे. एक्स-रेत दिसले नाहीत. खिळ्याबरोबर हे कुठून आले? मी म्हणाले, माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. काल सकाळी आबांची करवत पुसायला घेतली. ते ह्या बाणांची लांबी तिनेच कमी करायचे ना? दात्यांत काळी भुकटी होती. बोटाला लागली. तसेच केस.

प्रशांत: कालपासनं माहीत आहे तुला?

माया: कालपासून वाट बघतेय, तू सांगशील म्हणून.

प्रशांत: मग ऐक. बाण मोडला. सोडताना मोडला आणि डाव्या हातात घुसला, अंगठ्याच्या बुडात. तुझ्या बारातला एक. आबाच म्हणाले, मायाला सांगू नका. तिला वाटंल, माझ्या बाणानं झालं. म्हणून खिळा. झालं तुझं समाधान?

पारूबाई: असं कवा म्हनला त्यो?

प्रशांत: आत्या…

पारूबाई: न्हाई, कवा म्हनला? तुला तर त्यानं खिळाच सांगितला हुता. तू कामावनं आलास, त्यानं हात फडक्यात गुंडाळल्याला. तू इचारलंस काय झालं, त्यो म्हनला खिळा लागला. हितंच. म्या हितंच बसल्याली.

माया: मग तुला बाणाचं कुठून कळलं, प्रशांत?

प्रशांत: पेटी उघडून बघितली. लाल दोऱ्याचे दोन होते. एकच राहिला होता.

माया: आणि तुला लगेच कळलं.

प्रशांत: कळलं. कारण दोन्ही मीच केलेले.

माया: हं.

प्रशांत: हं काय? तू बाण दिलेस आणि गेलीस सांगलीला. हितं आठ महिने दुसरा विषय नाही. लेथवर आठ तास उभा राहून यायचो, ताट पुढं आलं की मायाचा बाण. अंघोळ करून येतोय तोवर मायाचा बाण. माझ्या पगाराचं कधी विचारलं नाही, पाठ दुखते का विचारलं नाही, मायाच्या बाणाला दोन ग्रॅम कमी पडतंय म्हणून जेवण जायचं नाही त्यांना. म्हटलं, एकदाचे मीच देतो अकरा ग्रॅम.

माया: काय केलंस?

प्रशांत: कंपनीत भंगारातली सळई घेतली. लेथवर टर्न केली, मापात उतरवली. बाणाच्या भोकापेक्षा केसभर जाड ठेवली, घट्ट बसावी म्हणून. लोखंडात तसंच करतात. हातोडीनं ठोकून बसवायची, जन्मात सुटत नाही.

माया: हे लोखंड नव्हतं.

प्रशांत: आता सांगतेस? ठोकली. टक् झालं.

माया: दोन्हींना?

प्रशांत: पहिल्याला झालं तेव्हा वाटलं, सळई बसल्याचा आवाज. दुसऱ्याला झालं तेव्हा उजेडात धरून बघितलं. लांबट चीर होती, केसागत. चिरंत डिंक भरला. वरनं लाल दोरा आवळला. बांबूला चीर गेली की आबा दोराच बांधतात. वाटलं, धरंल.

माया: बांबूला धरतो.

प्रशांत: माहीत आहे आता!

पारूबाई: आवाज चढवू नगंस तिच्यावर.

माया: आबांना सांगायचंस ना. ओरडले असते, दुसरं काय झालं असतं?

प्रशांत: सांगणार होतो. त्या आधीच ते दोन्ही घेऊन पोस्टात गेले. आले ते असे… तू बघितलं नाहीस. हितं बसले, चष्मा लावला, चिठ्ठी लिहिली. बत्तीस ग्रॅम. मग पेन थांबवून माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं, बरोबर. रेघ मारली. ताई, एकोणतीस वर्षांत त्यांनी माझ्या कुठल्या गोष्टीला बरोबर म्हटलंय? आयटीआयला पहिला आलो तर म्हणाले, बघू पुढं काय करतोस. लेथवर चिकटलो तर म्हणाले, बोटं सांभाळ. तुला निबंधाची दोन बक्षिसं मिळाली ती अजून भिंतीवर आहेत. आणि ते त्या दिवशी 'बरोबर' म्हणाले. मग मला सांगवलं नाही.

माया: म्हणून हा आढ्याला.

प्रशांत: दोनदा मोडायला घेतला. चुलीपर्यंत नेला. म्हटलं, निदान चिठ्ठी काढून घेऊ. निघंना. डिंकानं चिकटवलीय त्यांनी.

माया: आणि डॉक्टरांकडे तूच घेऊन गेला होतास. इथल्या.

प्रशांत: चौथ्या दिवशी. हात सुजला तेव्हा. तोवर हळद भरत होते.

माया: तिथे काय सांगितलंत?

प्रशांत: डॉक्टरनं विचारलं, काय लागलं? आबा म्हणाले, खिळा. माझ्याकडं बघत म्हणाले. डॉक्टरनं मला विचारलं, गंजलेला होता का?

माया: मग?

प्रशांत: मी मान हलवली.

माया: त्यांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि जखम शिवली.

प्रशांत: होय.

माया: आत तंतू तसेच ठेवून. साखर असलेल्या माणसाची. बाण एवढा एक शब्द उच्चारला असतास तर त्यांनी आधी उघडून बघितलं असतं, प्रशांत. मी विचारून आलेय. सांगलीच्या डॉक्टरांना विचारून आलेय. शिवण्याआधी उघडलं असतं तर.

प्रशांत: तुला काय वाटतं, मला झोप येते?

माया: मला काहीच वाटत नाही. नऊ दिवस झाले, काही वाटत नाही. फक्त एक कळत नाही. आबा कुठलाही बाण न ऐकता सोडायचे नाहीत. हातात घ्यायचा, थोडा वाकवायचा, कानाशी धरायचा. आत चीर असली की करकर वाजतं. एकदा मी विसरले होते तर सबंध दिवस धनुष्याला हात लावू दिला नाही. अर्जुनाला तर वाळूत ओणवा उभा केला होता. मग हा कसा सोडला त्यांनी?

प्रशांत: मला काय माहीत? मी कामावर होतो.

माया: आत्या, तू होतीस.

पारूबाई: व्हते.

माया: त्या दिवशी कानाशी नव्हता धरला?

पारूबाई: राहू दे आता. गेला त्यो.

माया: आत्या.

पारूबाई: नदीच्या वाळूत आदी बांबूचं पाच-सा सोडलं. एकेक कानाला लावून. म्या तितंच कापडं वाळत घालत हुते. मग त्यानं तांबड्या दोऱ्याचा घितला आन् सरळ दोरीला लावला. म्या म्हनलं, ह्यो ऱ्हायला की रं कानाला लावायचा. तर हसला.

माया: काय म्हणाले?

पारूबाई: म्हनला, 'आगं आक्का, प्रशांतनं केलाय ह्यो. लेथवरचा मानूस हाय त्यो. त्याचं काय तपासायचं?'

प्रशांत: आत्या, खोटं बोलू नकोस.

पारूबाई: माज्या भावाची आन. मग मोडला. रगत लय आलं. हात धुतला, फडकं बांधलं, आन् तुकडा उचलून बघत बसला. चिरंत तुजा डिंक वाळल्याला. लय येळ बघितला त्यानं. मग पाण्यात फेकला आन् मला म्हनला, 'आक्का, खिळा म्हनायचं. मायाला बी खिळा, पोराला बी खिळाच.' म्या सबूद दिला हुता त्याला. आज मोडला.

माया: म्हणजे डॉक्टरांकडे ते तुझ्याकडे बघत होते, ते तुला विचारत होते. सांगतोस का म्हणून.

प्रशांत: बास कर, ताई.

माया: करते. उद्या तंगुसाचा सोडू. 'चालेल' लिहिलेला.

प्रशांत: मी येत नाही उद्या वाळूत.

माया: यायचं. धनुष्य तू आणायचंस. अर्जुनाला, लालासाहेबाला तू पाणी द्यायचंस, आणि विचारलं कुणी तर काय झालं ते तूच सांगायचंस. मी सांगणार नाही.

प्रशांत: आणि ह्याचं काय करू?

माया: हा? हातात घे.

प्रशांत: कशाला?

माया: वाकव. हळू. आता कानाशी धर.

प्रशांत: नको ताई.

माया: आत्या, सूप हलवू नकोस जरा. धर, प्रशांत.

प्रशांत: धरला.

माया: काय?

प्रशांत: वाजतोय.

माया: हं. तेव्हाही वाजला असता.